नेजिमाची बाजू

साडेपाचला टीव्हीवर तो यायचा,
इंजिनियर नेजिमा.
डाव्या डोळ्याच्या जागी मायक्रोमीटर
आणि पत्त्यांच्या गठ्ठ्यात एकही जिवंत प्राणी नाही:
पोलादी कासव, वाफेचा बैल,
एकोणीस चाकांचा राजा.

आम्ही सगळी पोरं हीरोच्या बाजूची.
अमळनेरला जिनिंगच्या मागच्या चाळीत
नेजिमाच्या बाजूनं एकच माणूस, हिलाल मिस्तरी.
उजव्या हाताला साडेतीन बोटं.
पाळी सुटली की सुरमाकाकूंच्या दारातच उकिडवा बसायचा,
भुवयांवर कापसाचा कीस, हातात बशी.

त्याचं डावाकडे लक्षच नसायचं.
"दोन्ही चाकं एकच बाजूले फिरी ऱ्हायनात.
दाताले दात लागेल शे, असं फिरस का कधी?"

हीरो हरत आला की डोळे मिटायचा,
मैत्री, आई, गाव, असलं काहीतरी पुटपुटायचा
आणि गठ्ठ्यातून नेमकं हवं तेच पान वर.
आम्ही ओरडायचो.
मिस्तरी उठून बाहेर थुंकून यायचा.
"त्यानी रातभर जागीसन मशीन उभं कयं
आनि हाऊ डोया मिचीसन जिंकस!"

नेजिमा वाईट होताच, खोटं कशाला बोलू.
एकतिसाव्या भागात त्यानं अख्खं शहर चावीवर घेतलं,
माणसांच्या पाठीत फिरक्या बसवल्या,
सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही.
त्या दिवशी मिस्तरी गप्प.
चहा बशीतच गार झाला.
मग त्या अर्ध्या बोटाकडे बघत,
"मानूसले बेअरिंग बसत नही.
इतलं त्याले समजाले पाह्यजे व्हतं."

शेवटच्या भागाला लोडशेडिंग.
राजा मैदानात उतरला, एकोणीस चाकं फिरायला लागली
आणि काचेच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरला.
मिस्तरी ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आला,
स्वतः बांधलेला इन्व्हर्टर, उघड्या तारा,
ढप्पकन आवाज, जळक्या वार्निशचा वास.
काकूंचा टीव्ही गेला तो गेलाच.
दोन पगारांत फेडला त्यानं.

शेवट मग त्यालाच सांगावा लागला.
अंधारात, पायरीवर:
नेजिमानं मेन स्विच पाडला.
एकेका चाकाला हात लावून पाहिलं, कुठलं तापलंय.
ग्रीस भरलं. ताडपत्री टाकली.
सायकल काढली आणि घरी गेला.
"आनि हीरो?"
"हीरो काय, ऱ्हायना तठेच उभा."

पुढच्या रविवारी त्यानं मला एक पान दिलं,
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून,
कडा कानशीनं घासून,
पंचानं ठोकलेली अक्षरं:
डबल रोलर जिन.
ताकद, पाळीला तीन गाठी.
खोड, ओला कापूस.

ते पान घेऊन खेळताच यायचं नाही.
पिसताना खणकायचं,
पालथं ठेवलं तरी सगळ्यांना कळायचं कुठे आहे.
मी हरत राहिलो
आणि ते गठ्ठ्यातून काढलं नाही.

परवा पुण्यात, रात्री, फोनवर
तो शेवटचा भाग सापडला.
नेजिमा गुडघ्यांवर, मायक्रोमीटर उपसून हातात,
रडतो, माफी मागतो, हीरो त्याला उठवतो.
मागे राजा मोडून पडलेला,
त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही.
एक लहान चाक तेवढं अजून फिरत होतं,
शेजारच्या चाकाच्याच दिशेनं.

मिस्तरीला फोन लावला.
जिनिंगच्या जागी आता मंगल कार्यालय आहे,
मागे बँड वाजत होता,
त्यात त्याला ऐकू कमी येतं.
"नेजिमा? कोन, नवा फिटर का?"
"हो," म्हटलं. "घरी गेला तो."
"ग्रीस भरीसन?"
"भरून."